वरचे दोन कप्पे

मंगळवार, २ जून

"आहे… आहे… आहे…" — पंचावन्न वर्षांपूर्वीचा आवाज. आज सकाळी दाढी करताना एकाएकी कानात घुमायला लागला. लांबलचक खोली. टेबलांच्या दोन रांगा. एकाने वहीतला आकडा मोठ्याने वाचायचा, समोरच्याने आपल्या वहीत तो शोधायचा, हिरव्या शाईची खूण करायची आणि म्हणायचं — आहे. अशा आठ जोड्या एकाच वेळी. नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मी त्यांतला एक. वर्गात सगळ्यांनी मिळून कविता म्हणताना लागतो तसा सूर लागायचा. कविता तेवढी नव्हती. सात महिन्यांत ते गाढवकाम लाथाडलं आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला बसलो. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की सुनेलाही पाठ झाली आहे.

आवाज आठवायचं कारण आमची ठमी. माझी नात. शाळेत भाषेत पहिली आलेली पोर! काल रात्री जेवताना जाहीर केलं — कॉलेजला जाणार नाही. एका ऑडिट फर्ममध्ये शिकाऊ म्हणून लागली आहे. काम करायचं, करता करता परीक्षा द्यायच्या, परीक्षांची फी फर्म भरणार. म्हणजे दुसऱ्यांच्या वह्या उपसायच्या आणि सगळं बरोबर आहे असं लिहून द्यायचं.

"आबा, तुम्हीपण हेच करत होतात की."

"म्हणूनच सांगतोय."

सून म्हणाली, "बाबा, तिला उभं राहू दे ना स्वतःच्या पायावर." पायावर! दिवसभर खुर्चीत बसून ही पायावर उभी राहणार.

बुधवार, ३ जून

अबोला धरला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, ८ जून

पहिला दिवस. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. गुरांना दावं असतं, तसं. फक्त गुरं त्याचा अभिमान बाळगत नाहीत.

संध्याकाळी आल्यावर कौतुकाने सांगत होती. भिंतीवर म्हणे मोठ्या अक्षरांत लिहिलंय — 'आम्ही विश्वास घडवतो'. कुंभाराच्या दुकानावर बरं दिसलं असतं. आणि दिवसाच्या प्रत्येक पाव तासाचा हिशेब संगणकात भरायचा. पाव तास कुठल्या गिऱ्हाइकाच्या नावावर घातला ते लिहायचं. मी विचारलं, "खिडकीतून बाहेर बघितलं तर तो पाव तास कुणाच्या नावावर?"

"खिडकी नाहीये, आबा."

 पोरीने मला दुखवायला म्हटलं नव्हतं, हे जास्त लागलं.

शुक्रवार, १२ जून

आज तिचा सिनियर तिला स्कूटरवर घरी सोडायला आला होता. हिच्याहून तीनच वर्षं आधी लागलेला; तोही शाळेतून थेट. केस असे बसवलेले की जणू कुणी पट्टी धरून आखले आहेत. खिशात कंगवा. तो बाहेर काढून जिन्यातल्या आरशासमोर दोन मिनिटं उभा! त्याचं नाव आमच्यापुरतं कंगवा ठेवलं. ठमीला हसू आलं, मग म्हणाली, "असं नका म्हणू, मला शिकवतात ते."

काय शिकवतो? तर गेल्या वर्षीची फाइल उघडायची. तिच्यात जे केलंय ते या वर्षी करायचं. गेल्या वर्षी त्याच्या गेल्या वर्षीची उघडली होती. अशी ही विद्येची परंपरा. मी चहा पुढे केला, तर कंगवा कपाकडे न बघता मोबाइलमध्ये बघून म्हणतो, "आजोबा, तुमचा काळ वेगळा होता. आता सगळं सिस्टीममध्ये असतं."

म्हटलं, "अक्कलही?"

"ती पण," म्हणाला. अगदी सरळ चेहऱ्याने. विनोद केला की कबुली दिली, कळलं नाही.

गुरुवार, १८ जून

दुपारी एकटा. जुन्या पाठ्यपुस्तकात शाळेतल्या पेन्सिलीने केलेल्या खुणा सापडल्या. ओळीवर लघू-गुरू मांडून गण पाडलेले. बाई फळ्यावर ओळ लिहायच्या आणि आम्ही अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढत सुटायचो. त्याही खुणाच. पण त्या खुणांखाली काहीतरी श्वास घेत होतं! दोन ओळी मोठ्याने म्हणून बघितल्या. आवाज फाटला. शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. रसिकता कुठेही असते.

गुरुवार, २५ जून

ठमीला मंगळवारी मालमोजणीला जायचं आहे. पंखे बनवणारी कंपनी, फर्मचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं हिशेबाचं वर्ष जूनअखेर संपतं; त्या दिवशी गोदामात किती माल आहे ते कंपनीची माणसं मोजतात आणि ऑडिटवाल्यांनी त्यांतली काही खोकी आपण स्वतः मोजून बघायची. दिसली तर कागदावर 'पाहिले' लिहून खाली सही.

"आधी कागदावरून खोक्याकडे जायचं," ती मला समजावत होती, "मग उलटं, खोक्यावरून कागदाकडे. म्हणजे नसलेलंही सापडतं आणि लपवलेलंही."

मला माहीत आहे. मी ऐकत नाही असं दाखवलं.

मंगळवार, ३० जून

सकाळी सहाला गेली, संध्याकाळी सातला आली. बूट धुळीने पांढरे. जेवता जेवता सांगितलं ते असं:

कंगव्याने हिला एकटीला गोदामात सोडलं, आपण कंपनीच्या वातानुकूलित ऑफिसात बसला. अकराव्या रांगेत सहा कप्पे, एकावर एक. खालचे चार मोजले. वरचे दोन हाताच्या पल्याडचे. तिथली खोकी उतरवायला गाडी लागते. गाडी चालवणारा रजेवर. गोदामवाला भला माणूस, म्हणाला, "ताई, आमच्या यादीत चारशे बारा आहेत, तेवढे लिहा. दरवर्षी तेवढेच असतात."

दरवर्षी! पोरीने ते ऐकलं आणि दुपारी कंगव्याने बरोबर आणलेल्या जुन्या फायली काढल्या. गेल्या वर्षी वरचे दोन कप्पे — चारशे बारा, पाहिले. त्याच्या आधी — चारशे बारा, पाहिले. त्याच्याही आधी तेच. तिन्ही सह्या कंगव्याच्या. सर्वांत जुनी तो स्वतः नवा शिकाऊ असतानाची.

"तीन वर्षांत एक पंखा विकला गेला नाही की एक आला नाही, असं कसं, आबा?"

"मग तू काय लिहिलंस?"

"लिहिलं — उंचावर असल्याने पाहता आले नाहीत."

वा! एवढ्या मोठ्या विश्वासाच्या कारखान्यात एक खरं वाक्य तयार झालं, तेही अठरा वर्षांच्या मुलीकडून. पण मी म्हणालो काय? म्हणालो, "कशाला नसती उठाठेव. मार खूण, हो मोकळी."

शुक्रवार, ३ जुलै

अपेक्षेप्रमाणे. कंगव्याने तिचा कागद फाइलीतून काढला. तिथे आपल्या हाताने नवा लिहून घातला — चारशे बारा, पाहिले — आणि हिला म्हणाला, "खाली तुझी सही कर. मोजणी तुझ्या नावावर आहे."

हिने नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुला कळतंय का तू कुणाला खोटं पाडतेयस?"

ती म्हणाली, "मी कुणाला पाडत नाहीये दादा, मला दिसले नाहीत एवढंच म्हणतेय."

दादा! त्याला दादा म्हणते ही. दादाने मग तिच्याशी दिवसभर बोलणं टाकलं. जेवायच्या सुट्टीत सगळे एका टेबलाला आणि ही जिन्यात. सुनेला हे सांगितलं नाही, मला सांगितलं. मी सल्ला तोच दिला — सही कर. रद्दीच्या त्या ढिगात एक कागद इकडचा तिकडे झाला म्हणून सूर्य उगवायचा थांबणार आहे? मी मुद्रितशोधक होतो. एक काना चुकला तर दोन हजार प्रतींत चुकतो, हजारो लोक वाचतात. यांचे कागद कोण वाचतं? पुढल्या वर्षीचा कंगवा!

"आबा, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली. ताट उचलून आत गेली.

शनिवार, ४ जुलै

सून भाजी निवडत होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पोरीच्या ऑफिसात काहीतरी बिनसलंय वाटतं.

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? डबा तसाच परत येतो." मग म्हणाली, "तुम्ही बोललात ना काहीतरी तिला? पहिल्या दिवसापासून टोचताय, बाबा. तिला वाटतं तुम्हाला तिची लाज वाटते."

लाज? मला त्या इमारतीची लाज वाटते. त्या पट्ट्याची. तिची कशी वाटेल?

हे सुनेला म्हणालो नाही. मटार सोलायला बसलो.

सोमवार, ६ जुलै

मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. ठमीने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवतो, कारण असा ऐवज पुन्हा हाती लागायचा नाही. त्यांच्या टेबलावर काचेची कुंडी आहे, तिच्यात एक रोपटं आहे, तेही खोटं. ते म्हणाले, "हुशार आहेस. पण आपण सगळे एका होडीत आहोत." मग म्हणाले, "या गिऱ्हाइकाकडे आपण माझ्या वडिलांपासून जातो." मग खुर्ची थोडी फिरवून, "तुझा उमेदवारीचा काळ तेरा तारखेला संपतो. हा कागद घेऊन आठवडाभर घरी बस, विचार कर. सोमवारी तो कागद सही होऊन आला की तुला कायम केल्याचं पत्र तयार असेल."

आला नाही तर काय, हे बोलायची त्यांना गरज पडली नाही. तोंडात साखर ठेवून गळा दाबायची ही कला कुठल्या शाळेत शिकवतात?

सुनेला आता सगळं कळलंय. ती रडली नाही, तिने हिशेब केला. या वर्षीचे कॉलेजचे प्रवेश संपले. फर्मने काढलं तर परीक्षेची फी परत मागतील. ठमी म्हणाली, "मग करू का सही?"

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा पुसत बसलो.

मंगळवार, ७ जुलै

झोप नाही.

गुरुवार, ९ जुलै

ठमी दिवसभर खिडकीत. हातात पुस्तक, पान तेच. माझ्या पाठ्यपुस्तकांतलं एक वाचायला दिलं, तर म्हणाली, "नको आबा, आत्ता कविता नको." मलाही नकोशी वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवार, १० जुलै

लिहूनच टाकतो. इथे कोण बघतंय?

गाढवकाम लाथाडलं वगैरे खोटं आहे.

मी सतरा वर्षांचा. सुतळी-तागाचं गोदाम. मला मागच्या दालनातले गठ्ठे मोजायला पाठवलं होतं. उन्हाळ्याची दुपार, तागाचा वास, वरच्या झरोक्यातून एक तिरपी उन्हाची पट्टी. एक कविता पाठ करत होतो. दुसऱ्या दिवशी मित्रमंडळीत म्हणायची होती. गठ्ठ्यावर बसून ती घोकत राहिलो. तिथल्या गोदामवाल्याने दोनदा डोकावून विचारलं, "मोजताय ना, मास्तर?" मला तो मास्तर म्हणायचा, तोंडात सदा कविता म्हणून. एका कानाने कमी ऐकायचा. आपल्या डब्यातलं अर्धं मला द्यायचा. संध्याकाळी त्याच्याच यादीवरून आकडे उतरवले आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण केली. एकसष्ट गठ्ठे. एकही मोजला नव्हता.

तीन महिन्यांनी तिथे एकोणीस गठ्ठे भरले. बेचाळीस गायब. आता यातली गंमत अशी — गंमत म्हणायची आपली पद्धत — की माझी खूण नसती तर माल आधीपासूनच नव्हता असं म्हणायला जागा होती. मालक स्वतःच परस्पर विकत होता असं पुढे लोक बोलायचे. पण कागदावर होतं, ऑडिटवाल्याने पाहिले. म्हणजे त्या तारखेला माल होता. म्हणजे नंतर गेला. म्हणजे किल्ली ज्याच्याकडे, त्याने नेला. माझ्या एका खुणेने त्याला चोर ठरवलं. तो आमच्या ऑफिसात आला होता. टेबलांच्या रांगांमधून चालत थेट माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, सांगा ना यांना, तुम्ही मोजले होते का?"

मी म्हणालो, "हो."

पंधरा दिवसांनी राजीनामा. घरी सांगितलं, त्या रुक्ष कामात माझा जीव रमत नाही. आईला केवढा अभिमान वाटला माझा.

पंचावन्न वर्षं मी त्या धंद्याला नावं ठेवतोय. धंद्याने काय केलं होतं माझं?

शनिवार, ११ जुलै

ठमीला सांगितलं. सगळं. सून स्वयंपाकघरात होती. तिनेही ऐकलं असावं, भांड्यांचा आवाज थांबला होता.

मला वाटलं होतं पोर चिडेल. किंवा जवळ येऊन बसेल. म्हाताऱ्याला या दोनच गोष्टी सुचतात. तिने एकच विचारलं, "मग ते गोदामवाले कुठे गेले?"

"माहीत नाही."

"त्यांचं घर माहीत होतं?"

"होतं. तागाच्या गोदामामागच्या गल्लीत."

"मग?"

मग काही नाही.  अजून काहीतरी येईल असं तिला वाटत असावं. नव्हतंच काही. शेवटी म्हणाली, "सोमवारचं माझं मी ठरवीन, आबा. आता तुम्ही काही सांगू नका, हे कर म्हणून नाही की ते कर म्हणून नाही." आवाज साधा. राग नाही त्यात. मोठ्या माणसाने बोलावं तसा.

सुनेने रात्री माझ्या खोलीत पाणी ठेवलं, रोजच्यासारखं. पण "बाबा" म्हणाली नाही.

रविवार, १२ जुलै

सकाळी अकरा. मायलेकी बाजारात गेलेल्या. बेल वाजली. दारात कंगवा.

केस विस्कटलेले. सदऱ्याच्या बाह्या आणि पाठ काळ्या झालेल्या. हातात एक पातळ फाइल. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आजोबा, ठमीने सही तर नाही ना केली?"

म्हटलं, "अजून नाही. तू इथे कशाला?"

गाडी चालवणाऱ्याला घरून उठवून, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन सकाळी गोदाम उघडायला लावलं त्याने. गोदामवाल्याला शेजारी उभं केलं. वरच्या दोन कप्प्यांतली वीस खोकी उतरवली. वीसच्या वीस रिकामी. बाकीची वर चढून हलवून बघितली. हलकी.

"तीन वर्षं मीच लिहितोय," म्हणाला. "पहिल्या वर्षी मलाही सिनियरने हेच सांगितलं होतं. उद्या साहेबांना मी सांगणार आहे, गोदामवाल्याला कुणी धरायच्या आत. नोकरी जाईल माझी. त्याआधी तिचा कागद तिला परत द्यायचा होता." फाइल उघडून दाखवली. तिच्या अक्षरातला कागद, घडीसुद्धा न पडलेला. फाडला नव्हता त्याने.

त्याच्या जागी होतो तेव्हा मी राजीनामा लिहिला होता.

तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, बूट खराब आहेत म्हणून. "तसाच ये रे आत," म्हटलं.